आक्काच्या वजनाची गाडी

दामूभाऊंनी लग्नाच्या भर पंगतीत मला विचारलं, "वहिनी, तुमचं वजन किती?"

माझ्या पानात जिलबी पडत होती. वाढणारा थांबला. "छप्पन्न किलो," मी म्हटलं. "वाढ रे, थांबलास कशाला?"

दामूभाऊंचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या आक्काएवढंच."

भुईगावात आमच्या शेजारच्या वाडीत हे दोघं भाऊबहीण राहत. केळी, पानवेल आणि पडवीत एक जुनी मोटरसायकल. दामूभाऊ लहानपणी तापाने दगावायचेच बाकी होते, तेव्हा डोंगरावरच्या तुंगारेश्वराला दर्शनाला येईन असा नवस आक्का बोलली. तो फेडायच्या आधीच ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली आणि पाठ गेली. डॉक्टरांनी हादरे बंद केले. बैलगाडी नाही, एसटी नाही. आणि बोलला त्यानेच नवस फेडायचा, यावर आक्का ठाम. "देव थांबेल," ती म्हणायची. दामूभाऊ थांबायला तयार नव्हते.

डोंगराच्या चढासाठी त्यांनी गाडीच्या मागच्या चाकाला जास्त दात्यांचं चक्र बसवलं. "रहाटाचं गणित, वहिनी. दाते वाढले की जोर वाढतो." जोर वाढला, वेग गेला. आमच्याकडचा रस्ता सगळा सपाट. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायचं आणि पाववाला सायकलची घंटी वाजवत पुढे निघून जायचा.

मग हादरे बसू नयेत म्हणून मागच्या स्प्रिंगा. त्या घट्ट-सैल करायला खाचा असतात, आणि कोणती खाच ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. चाचणीला आक्का चालणार नव्हती, म्हणून मी. हातात काठोकाठ भरलेला तांब्या.

"पाणी सांडलं तर सांगा."

सांगावं लागायचं नाही, माझं भिजलेलं पातळ त्यांना दिसायचंच. गाडी इतकी हळू जाई की ओळखीच्या बायका बाजूने चालत चौकशी करत. "कुठे निघालीस गं?"

"कुठेच नाही," मी खरं ते सांगायची.

असे काही पावसाळे गेले. एकदाचा तांब्या भरलेला परत आला. पण तोवर आक्काचं अन्न तुटलं होतं. तिला बसवून पाहिलं तर स्प्रिंग दबेचना. दामूभाऊंनी एक खाच सैल केली. दिवाळीनंतर आणखी एक. मग खाचा संपल्या.

"वहिनी, गाडीत काहीतरी बिघाड आहे."

"गाडी ठीक आहे, दामूभाऊ."

ते बराच वेळ पान्हा पुसत राहिले.

शेवटी ते आक्काला घेऊन निघाले, तेव्हा कॅरियरला तांदळाची जड पिशवी बांधलेली होती. "देवाचा शिधा," ते म्हणाले. संध्याकाळी परतले. नवस फिटला होता, पाठ शाबूत होती. शिधा वर देऊन झाला होता, पण पिशवी तशीच फुगलेली. मी सोडली तर आत ओढ्यातले गोल दगड.

"प्रसाद आहे," दामूभाऊ घाईने म्हणाले आणि आक्काची काठी आणायला आत गेले.

"जाताना तांदूळ, येताना दगड," आक्का हळूच म्हणाली. "मी वजनाने किती उतरलेय ते कळतं मला. त्याला बोलू नकोस हं. दगड धुऊन देवघरात ठेव."

मी ठेवले. मग खिचडी टाकून दोघांना वाढली. आक्काने खिचडी पुन्हा मागून घेतली. एकेक घास ती पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होती. दामूभाऊ पाहत होते, म्हणून ती जेवत होती.