गुणो मेस्ताच्या गाडीचा ताप

गाडी तापली की लोक तिच्यावर पाणी ओततात. आमचा मिस्त्री, गुणो मेस्त, गाडीला पट्टी ठेवायचा. खरीच पट्टी. जुन्या पंच्याची, गार पाण्यात बुडवून, पिळून, घडी घालून. एक इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर, एक इंजिनाच्या डोक्यावर. मग बाजूला स्टूल ओढून बसायचा आणि मधून मधून म्हणायचा, "धीर धर गो, उतरतलो ताप."

त्याचं गॅरेज धारगळला हायवेच्या कडेला. जाणारे-येणारे थांबून बघायचे. एकदा एका बाईने मला हळू आवाजात विचारलं, "घरात कोण आजारी आहे का?" मी म्हटलं, "आहे. पण ज्याला पट्टी ठेवलीय तो नव्हे."

आधी मी कोण ते सांगतो. मी पांडुरंग. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून संपली. पण डिचोलीला खाणीवरच्या ट्रकांचं वायरिंग तीस वर्षं ह्या हातांनी केलं. माझ्या वायरिंगमध्ये चूक कधी निघाली नाही. निघाली असेल तर ती ट्रकची. हे मी फुशारकीने सांगत नाही, पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगतो.

गुणो माझा शेजारी. उंच, वाकलेला, एकटा. लग्न केलं नाही. कोणी विषय काढला तर म्हणायचा, "भयणीचो मुहूर्त चुकयलो, आपलो खंयसून गाठतलंय?" ह्याचा अर्थ पुढे येईल.

त्याचं सगळं जग एका काट्यावर फिरायचं. गाडीत पाण्याची उष्णता दाखवणारा एक काटा होता. तो अर्ध्यावर असला तर बरं, तांबड्या रेघेवर गेला तर मरण. ती तांबडी रेघ गुणोने स्वतः रंगवलेली. पुढे पुढे तो माणसांनाही काट्याने मोजायला लागला. भेटल्यावर "कसो आसस?" नाही, "काटो खंय आसा?" तलाठी चिडला की म्हणायचा, "ह्येचो काटो तांबड्यात." शेजारची म्हातारी वारली तेव्हा घरात डोकावून आला आणि मला म्हणाला, "काटो खाली बसलो रे."

भाषेचं आंदोलन पेटलं त्या साली तो कोंकणीच्या बाजूचा आणि मी मराठीच्या. आम्ही ज्या बोलीत भांडलो ती दोघांचीही एकच होती, पण ते त्या वेळी लक्षात आलं नाही. दोन महिने बोलणं बंद. तेव्हा तो रोज सकाळी माझ्या कुंपणाशी येऊन गाडीला मोठ्याने विचारायचा, "पांडूचो काटो अजून तांबड्यात आसा काय गो?"

आता गाडीबद्दल. गाडी पोर्तुगीज राजवटीतली. मोठी, काळी, अमेरिकेहून आलेली. इथल्या एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. तरुणपणी गुणो तिचा ड्रायव्हर होता. पुढे भाटकार गेला, त्याचे लोक लिस्बनला गेले, आणि गाडी माडांच्या झापांखाली कोंबड्या वाढवत पडून राहिली. ती भंगारात निघाली त्या दिवशी गुणो बैल जुंपून तिला घरी घेऊन आला. ड्रायव्हरची कडक टोपीही त्याने जपली होती. ती गॅरेजात खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला कोणी हात लावला तर ह्याचा काटा ताबडतोब तांबड्यात.

हरमलच्या किनाऱ्यावर तेव्हा गोऱ्या लोकांचा सुळसुळाट. त्यातला एक जटाधारी मोटरसायकल दुरुस्त करायला आला आणि त्याने गुणोला एका मासिकातली चित्रं दाखवली. जुन्याच गाड्या, पण बॉनेट काढलेलं, मडगार्डं कापलेली, इंजिन उघडं, मागची चाकं रुंद. म्हणे ह्याला हॉट रॉड म्हणतात. गुणोने चित्र तीन दिवस भिंतीला लावून ठेवलं आणि चौथ्या दिवशी करवत घेतली. मी म्हटलं, "अरे, भाटकाराची गाडी ती, मोडतंस कित्या?" तो म्हणाला, "उघड्यार रवली तर तापाची नाय."

तापलीच. मडगार्डं गेली, बॉनेट गेलं, ताप तसाच राहिला.

कारण उघड होतं. पंख्याची जुनी पाती कधीच तुटली होती. गुणोने त्या जागी खाणीवरच्या ट्रकचा पंखा बसवला. पहिल्याच फेरीला त्या पात्याने रेडिएटर सुरणासारखा कापला. कापलेल्या जागी कथलाचा डाग देऊन झाल्यावर त्याला वाटलं की रेडिएटर आतून चोंदलाय, म्हणून त्यात भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, आगळ ओतलं. आठ दिवस गॅरेजला सोलकढीचा वास आणि दारात गावातली सगळी मांजरं.

शेवटी म्हापशाच्या भंगारवाल्याकडून त्याने नव्या पद्धतीच्या छोट्या गाडीचा विजेवर चालणारा पंखा आणला. इंजिनाच्या पट्ट्याची गरज नाही. बटण दाबलं की रेडिएटरच्या मागे बसून तो समोरची हवा आत ओढणार. वायर जोडायला अर्थात मला बोलावलं. मी डोळे मिटून काम केलं. काळी वायर बॉडीला, तांबडी बटणाला. बटण दाबलं, पंखा फिरला. मी हात पुसले आणि म्हटलं, "झालं. आता बर्फ पडेल आत."

चाचणीला आम्ही मोपाच्या सड्यावर, तिथल्या उघड्या पठारावर गेलो. आज तिथे विमानं उतरतात. त्या काळी तिथे गुरं चरायची आणि आमची गाडी उकळायची. चढण अर्धी झाली नाही तोच वाफ. गुणो पट्टी भिजवत म्हणाला, "तुझो पंखो फिरता, पण करता काय?"

"पंखो बरोबर आसा. तुझा इंजिन म्हातारा झाला."

"इंजिन म्हातारा? आणि तू?"

पावसाळाभर हेच. मोपाला जायचं, उकळायचं, भांडत उतरायचं. एवढी घाई कशाला, हे एक दिवस मी विचारलंच. तेव्हा तो कधी नव्हे तो हळू बोलला.

त्याची धाकटी बहीण शेवंता आमोण्याला दिलेली. लग्न नवऱ्याच्या दारी. भाटकाराने मोठ्या मनाने ही गाडी दिली आणि गुणोच चालवायला बसला. डिचोलीच्या अलीकडे रस्ता दोन्ही बाजूंनी चढून माथ्यावर जातो, त्या चढणीवर गाडी उकळली. अर्धा तास थांबले, आणि मुहूर्त टळला. सासूने जन्मभर शेवंताला "उशिरा इलेली व्हकल", म्हणजे उशिरा आलेली नवरी, म्हणून टोचलं. "तेच्या मागसून तिका ह्या गाडीत घातलंय नाय," गुणो म्हणाला. "भाऊबीजेक माहेराक येता ती बशीन येता. आता एकदा तरी ह्याच गाडयेन, त्याच चढणीन, न थांबता तिका आणतलंय. मगे गाडी समुद्रात गेली तरी चलात."

ह्या दसऱ्याला पूजा, आणि मग बावीस दिवसांनी भाऊबीज. तेवढाच वेळ.

दसऱ्याला त्याने गाडी धुतली. बॉनेट नव्हतंच, म्हणून झेंडूचा जाड हार थेट रेडिएटरवर समोरून टांगला. भट मंत्र म्हणत पुढे उभे. गुणोने गाडी सुरू केली आणि मोठ्या मानाने पंख्याचं बटण दाबलं.

पंख्याने हवा आत ओढली असती तर हार रेडिएटरला चिकटून बसला असता. हार उलट पुढे उडाला, वाऱ्यातल्या लुंगीसारखा. पाकळ्या सुटल्या त्या भटांच्या तोंडावर, ताम्हनात, माझ्या मिशीत.

"देवान हार परत दिलो," कोणीतरी म्हणालं.

गुणो गाडीकडे बघत होता. मग सावकाश माझ्याकडे बघितलं. "पांडू, पंखो उलटो फिरता."

मी खाली वाकलो आणि सगळं दिसलं. आमच्या ट्रकांना बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. ह्या जुन्या गाडीला प्लस बॉडीला होता. म्हणजे माझ्या दोन्ही वायरी उलट्या बसल्या होत्या. चार महिने माझा पंखा इंजिनाची गरम हवा समोरच्या वाऱ्यावर ढकलत होता.

"तू सांगलंस काय प्लस बॉडीक आसा म्हणून?" मी म्हटलं.

"तू इचारलंस काय?"

"वायरिंग बरोबर आसा. गाडी उलटी आसा."

भट ताम्हनातल्या पाकळ्या वेचत म्हणाले, "वायरी बदला हो, प्रसाद थंड होतोय." मी वायरी बदलल्या. हार चपकन रेडिएटरला चिकटला. पण चूक झाली असं मी म्हटलं नाही. कोणालाच नाही.

भाऊबीजेच्या दिवशी गुणो मला घेऊनच आमोण्याला गेला. "वायर तुझी, तू बस." जाताना काटा अर्ध्यावर. शेवंताबाय दारात तयार. विधवा झालेली, पांढऱ्या केसांची, बारीक, पण डोळे हसरे. नदीकडचा वारा येत होता. तिने भावाला ओवाळलं, मग गाडीलाही ओवाळलं. पुढे बसली. मी मागे, टोपलीतल्या तिच्या काकड्या धरून.

येताना ती चढण. गुणोचे हात स्टिअरिंगवर घट्ट. पंखा घूं करत होता. अर्धी चढण, पाऊण, माथा. काटा हलला नाही. गुणो ओरडला, "बाय, बघ! काटो बघ! थांबलो नाय!"

तिने काट्याकडे नाही, मागे पडणाऱ्या माथ्यावरच्या आंब्याकडे मान वळवली. म्हणाली, "थांबलंस नाय रे?"

"कित्या थांबू? थंड आसा."

"तेव्हा थांबलेलंस मरे. हंयच, त्या आंब्याखाली. सगळे इंजिनाक वारो घालीत होते. तू माका घालीत होतंस, तुझ्या टोपयेन." ती हसली. "सासू काय ती बोलाचीच. पण तो अर्धो तास माका माहेर जास्त गावला. मी आजय येताना वाट बघीत होतंय, हो थांबतलो म्हणून."

कोलवाळचा पूल येईपर्यंत गुणो काट्याकडे बघत राहिला.

चार दिवसांनी तिला पोचवायला निघालो. मला पुन्हा मागे बसवलं. पुढच्या सीटवर तिच्याजवळ ती टोपी ठेवलेली.

चढणीच्या पायथ्याशी गुणोचा हात डॅशबोर्डखाली गेला. खट्. पंख्याचा घूं आवाज बंद झाला. मी तोंड उघडलं, तर आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी त्याच्या डोळ्यांत आधी कधी पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

आंब्यापर्यंत पोचलो आणि वाफ. गुणो उतरला, कपाळाला हात लावून म्हणाला, "ताप इलो गो बाय. अर्धो तास लागात." पट्टीला हातही लावला नाही. बहिणीला सावलीत दगडावर बसवलं आणि टोपीने वारा घालायला लागला.

शेवंताबायने वर बघून विचारलं, "इतको पंखो बसयल्यार परत कशी तापली? वायर कोणी घातली?"

"ह्या पांडून," गुणो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

तीस वर्षांत एकाही ट्रकमालकापुढे मी मान वाकवली नव्हती.

"होय बाय," मी म्हटलं, "वायर सैल रवली. चूक माझी."