निळ्या पाठीची हळद

दुपारी चारला बजरंग पैलवानाला हळद लागायची होती आणि सकाळी नऊला, वलवणच्या धरणाजवळ, गंगाधर त्याच्या उघड्या पाठीवर निळा रंग चढवत होता. गंगाधर नवा बी.एस्सी.; मित्राचा कॅमेरा एकाच दिवसासाठी हाती आलेला. त्याला तीन मिनिटांची फिल्म काढायची होती. ना गोष्ट, ना गाणं. फक्त माणसाचे हलणारे स्नायू. त्याच्या फिल्मवर निळा रंग पांढरा उमटायचा, म्हणून प्रत्येक स्नायूवर निळीचा पट्टा.

"भाऊ, जाईल न्हवं? सासुरवाडीला कळलं तर लगीन मोडंल."

"साबणानं पाच मिनिटांत. प्रयोग केलाय."

"कुनावर?"

"बशीवर."

घामानं पट्टे ओघळू लागले. तेव्हा दरवर्षी पोळ्याला बैल रंगवणाऱ्या कोंडाजीनं, बजरंगच्या चुलत्यानं, निळीत जवसाचं तेल घोटलं. "आता धरणात बुडवला तरी जायचा न्हाई," तो अभिमानानं म्हणाला.

गेला नाहीच. साबण झाला, राख झाली, नारळाची शेंडी झाली.

चार वाजता सदरा उतरला आणि बजरंगची आई मुक्ताबाई ओरडली, "बया! नवरदेव हाय का पोळ्याचा बैल? हळद जाड चोपडा गं, झाकंल!"

तेलात कालवलेली हळद पाठीवर चढली आणि हिरवी झाली.

"निळा अधिक पिवळा..." गंगाधर पुटपुटला.

"तुमी गप ऱ्हावा!"

बायकांचे हात पाठीवरून वाटीत, वाटीतून पाठीवर. तेलातला रंग तेलानंच सुटत होता. तासाभरात बजरंग स्वच्छ पिवळा झाला. वाटी मात्र पोपटी. आणि तीच उष्टी हळद घोरावाडीला नवरीला लागायची होती.

"ताजी पाठवू या," गंगाधर म्हणाला.

"देवाच्या कामात लबाडी? उष्टी म्हंजी उष्टी!" मुक्ताबाईनं बजावलं.

वाटी घेऊन कोंडाजी गाडीनं गेला. गर्दीत त्यानं ती गुपचूप तिकडच्या हळदीच्या परातीत उपडी केली आणि पळत स्टेशन गाठलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात नवरीची आई झुंबरबाई मुक्ताबाईला कोपऱ्यात घेऊन हात जोडू लागली. "विहीणबाई, आमच्या पोरीला, शालूला, हळद हिरवी चढली. आमच्याच पाट्याला काय लागलं हुतं, देव जानं. पोर निरोगी हाय. लगीन मोडू नगा!"

मुक्ताबाईनं एकदा गंगाधरकडे पाहिलं. मग पदर सावरून ती मोठ्या मनानं म्हणाली, "जाऊ द्या, विहीणबाई. आमी काय रंग बघून सून करत न्हाई."