आपला येथे बराच वेळ वास आहे

माणूस कोठे आहे हे ओळखणे आणि तो तेथे आल्याचा आपल्याला आनंद आहे हे त्याला कळविणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिली यंत्राला साधते. दुसरीला शब्द लागतात, आणि शब्द निवडणाऱ्याची जबाबदारी यंत्र बसविणाऱ्याहून तिळभरही कमी नसते. हेतू कितीही निर्मळ असला तरी शब्द चुकला की त्याचा ताप निरपराध्यांना होतो. या कथेत तो ताप सर्वप्रथम पादत्राणांच्या दालनातील एका गृहस्थांना झाला. पण त्याचा उगम गुरुजींच्या घरी, जेवणाच्या मेजावर आहे.

गुरुजींनी उभे आयुष्य संस्कृत शिकविले होते. त्यांची सून बिनतारी जाळ्यांची अभियंता होती. नोकरी सोडून तिने स्वतःच्या हिमतीवर पहिलेच काम घेतले होते, आणि ते होते शहरातील एका प्रचंड, अनेकमजली दुकानाचे.

"छताला ठिकठिकाणी पांढरे डबे लावलेत, बाबा," ती नाक पुशीत सांगत होती. तिला सणसणीत सर्दी झाली होती. "गिऱ्हाइकाने दुकानाचं फुकट वायफाय घेतलं आणि होकार दिला, की त्याचा फोन कुठल्या डब्याजवळ आहे त्यावरून तो कुठं उभाय ते आपल्याला समजतं. दुकानाचा नकाशा, आणि नकाशावर त्याचा ठिपका."

"म्हणजे सर्वसाक्षी!" गुरुजींनी नकळत हात जोडले.

"सर्वसाक्षी नाही हो, वायफायसाक्षी. पण नुसता ठिपका बघून काय उपयोग? त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, नातं जोडायचं. एका जागी जास्त वेळ रमला, की त्याच्या फोनवर छानसा निरोप गेला पाहिजे. आत्ता यंत्रानं स्वतःच केलेलं वाक्य आहे: तुम्ही इथे खूप वेळ थांबला आहात."

गुरुजींच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. "अगं, हे आलेल्या पाहुण्याला 'कधी उठताय' असं विचारल्यासारखं झालं."

"म्हणूनच तुमच्याकडे आले. तुम्हीच लिहून द्या ना."

सून घरात आल्यापासून तिने आपल्याकडे काही मागितले, असा हा पहिलाच प्रसंग. गुरुजी त्या संध्याकाळी फिरायलाही गेले नाहीत. 'थांबणे' या शब्दात अडथळा होता, 'उभे राहणे' यात शिक्षा होती, 'रेंगाळणे' यात तर सरळ आरोपच. शेवटी त्यांच्या मुखावर प्रसन्नता पसरली. वास! वस् धातूपासून झालेला, निवास, सहवास, अधिवास यांच्या कुळातला, दोन अक्षरांचा भारदस्त शब्द. त्यांनी तीन निरोप रचले आणि सुनेच्या हाती सुपूर्द केले.

"मला एकदा वाचून दाखवा की," सासूबाई आतून म्हणाल्या.

"तू उद्या पडदे बघायला येणारच आहेस ना दुकानात? तुझ्याच फोनवर येईल. प्रत्यक्ष अनुभव घे."

सुनेने ते निरोप जड डोक्याने वाचले आणि यंत्रात भरले. तिचे नाक इतके चोंदलेले होते, की त्या दोन अक्षरांचा लोकांत रुळलेला अर्थ तिच्या जीवनातून तूर्त नाहीसाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. दुकानाच्या मालकीणबाई मोजके बोलत. "आज दिवसभर बघते. संध्याकाळी सांगते, डबे ठेवायचे की उतरवायचे," एवढेच त्या म्हणाल्या. डबे उतरवावे लागले असते, तर सून शिडीवरून खाली येण्यापूर्वीच ती वार्ता तिच्या व्यवसायात सर्वत्र पोहोचली असती आणि दुसरे काम तिला कोणी दिले नसते. हे तिला ठाऊक होते आणि गुरुजींनाही. म्हणूनच ते इस्त्रीचे कपडे घालून व्यवस्थापकांच्या शेजारच्या खोलीत, तिच्या नकाशासमोर, एखाद्या मंगलकार्याला बसावे तसे बसले होते.

खालच्या मजल्यावर, पादत्राणांच्या दालनात, ते गृहस्थ दोन्ही पायांतील बूट काढून नवा जोड न्याहाळीत होते. खिशात फोन वाजला. त्यांनी वाचले: 'मान्यवर, आपला या दालनात बराच वेळ वास आहे. आम्हांस धन्यता वाटते.'

गृहस्थांनी आधी फोनकडे, मग आपल्या पायांकडे आणि मग हसतमुख विक्रेत्याकडे पाहिले. "तोंडावर सांगायचं होतं ना! फोनवरून कसले टोमणे मारता?"

"काय झालं, साहेब?"

"काय झालं म्हणे! आणि वर धन्यता वाटते!"

त्यांनी घाईघाईने जुने बूट चढविले आणि ते शेजारच्या, गाद्यांच्या दालनात शिरले. यंत्र आपले कर्तव्य चोख बजावीत होते. दुसरा निरोप तत्काळ आला: 'आपण येथेही आलात! आता हे दालनही आपल्या वासाने पावन झाले.'

त्याच दालनात एक जोडपे गादीची परीक्षा घेत आडवे झाले होते. उशाशी फोन वाजला. बाईंनी वाचून नवऱ्याला ढोसले. "बघा! मी सांगते तेव्हा नाक मुरडता. आता दुकानसुद्धा तेच सांगतंय."

"दाखव बघू. अगं, हा तुझा फोन आहे!"

त्यानंतर त्या गादीवर जे झाले त्याचे वर्णन न करणेच सभ्यतेला धरून होईल. दरम्यान एक बाई खरेदी आटोपून दाराशी पोहोचल्या आणि त्यांना गुरुजींचा तिसरा, निरोपाचा निरोप मिळाला: 'आपण निघालात, तरी आपला वास येथे चिरकाल राहील.' त्या दारातूनच, पदर खोचून, भांडायला परत फिरल्या.

उरलेली मंडळी मानी होती. त्यांनी भांडण केले नाही. आपापली कॉलर, बाही आणि काख यांचा चोरून अदमास घेत ती एकेक करून साबणा-अत्तरांच्या दालनात जमू लागली. तेथे नमुन्याच्या बाटल्या भराभर रित्या झाल्या. आणि बराच वेळ झाल्यावर तेथेही सर्वांचे फोन एकदम वाजले.

"अजून?" एक काका कळवळून ओरडले. "अख्खी बाटली ओतली की अंगावर!"

वरच्या खोलीत सून नकाशाकडे डोळे विस्फारून पाहत होती. "बाबा, हे काय चाललंय? सगळे ठिपके साबणात निघालेत!"

"शब्दाचा परिणाम," गुरुजी समाधानाने म्हणाले. "आदराने वागवलं की माणसाला शुचितेची ओढ लागते."

इतक्यात दार आपटून व्यवस्थापक आत आले. त्यांचे दोन्ही दंड अंगाला घट्ट चिकटलेले होते. केवळ मनगटाने त्यांनी फोन पुढे केला. "मॅडम, तुमच्या यंत्राला नाक आहे का?"

"नाही हो. का?"

"मग माझा वास त्याला आला कसा? सकाळपासून सफाईवाल्यांकडून तीनदा फरशी पुसून घेतली, गटारं उघडून बघितली. आता समजतंय की मीच!"

सुनेने निरोप वाचला. पुन्हा वाचला. तिला एक प्रचंड शिंक आली, आणि त्या शिंकेसरशी जणू डोक्यातली एक खिडकी उघडली. "बाबा... वास?"

"वस् धातू," गुरुजी म्हणाले. पण सुनेचा चेहरा पाहून त्यांचा स्वर मध्येच विरला. लोक हा शब्द कोठे आणि कशासाठी वापरतात, हे त्यांना त्या क्षणी, आयुष्यात प्रथमच ऐकू आल्यासारखे ऐकू आले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांच्याही हातात फोन होता. "हे कोणी लिहिलं?"

"पाठवलं मी," सून चटकन पुढे झाली. "जबाबदारी माझी."

"लिहिलं मी," गुरुजी उठून म्हणाले. "हिला बोल लावू नका. हिचं नाक बंद आहे. माझं तर उघडं होतं."

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "बंद करा ते. आणि उद्या डबे उतरवा."

सुनेने यंत्र बंद करण्याच्या कळीकडे हात नेला. बोट कळीवर टेकणार, तोच गुरुजींचा फोन वाजला. सासूबाई होत्या, आणि त्या मोठ्याने बोलत असल्यामुळे सर्वांनाच ऐकू येत होते.

"अहो, इथं वास येतोय!"

"अगं, तो निवास," गुरुजी खजील होऊन म्हणाले. "माझी चूक झाली. आता तू तरी..."

"निवास कधी नाकाला आलाय? जळका वास येतोय!"

"मी वस् धातूचा विचार..."

"धातू नव्हे हो, रबर जळतंय! वायर असणार! ते व्याकरण ठेवा बाजूला आणि कुणालातरी पाठवा!"

"तू कुठं आहेस?"

"पडद्यांत."

"कुठल्या पडद्यांत?"

"मला काय ठाऊक! निळे संपले, मग फुलाफुलांचे लागले. त्यांच्यामागं एक दार होतं. वास तिथूनच येत होता, म्हणून आत डोकावले, तर दार बसलं मागं. उघडतच नाही. आता दिवापण गेला हो!"

सुनेचे बोट कळीवरून मागे आले. नकाशावर सारे दुकान साबणांच्या दालनात गोळा झाले होते. आणि दूर, दुसऱ्या टोकाला, एकच ठिपका एकटा मिणमिणत होता.

"ह्या आई!" ती म्हणाली. "पण इथं तर नकाशात काहीच नाही."

"तिथं भिंत आहे," व्यवस्थापक म्हणाले. "नक्की भिंत आहे."

"माणूस भिंतीत उभं राहत नाही, साहेब!"

मालकीणबाई नकाशावर वाकल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "खोली आहे तिथं. जुनी, विजेच्या फळ्यांची. पडद्यांचं दालन केलं तेव्हा मीच झाकून टाकायला सांगितली होती. चला!"

मग जी धावाधाव झाली तिच्यात व्यवस्थापकांचे दंड अखेर अंगापासून सुटले. त्यांनी जिन्याजवळचे आग विझविण्याचे लाल नळकांडे काढून बगलेत मारले आणि डब्यांची तेवढी सोडून त्या मजल्याची वीज तोडण्याची आज्ञा ओरडून दिली. सून हातातल्या फोनवर ठिपका पाहत पुढे धावत होती. "डावीकडे! आता सरळ! फुलांचे पडदे बाजूला करा!" सर्वांच्या मागून गुरुजी येत होते, आणि त्यांच्या ओठांवर एकही संस्कृत शब्द नव्हता. "अगं, आलो, आलो," एवढेच ते म्हणत होते.

खांद्याचे दोन धक्के बसताच दार उघडले. सासूबाई नाकाला रुमाल लावून पडद्यांच्या एका गुंडाळीवर बसल्या होत्या. त्यांच्यामागे जुन्या फळीतून धुराची बारीक रेघ निघत होती आणि तिला टेकलेल्या कापडाची कड काळी पडू लागली होती. व्यवस्थापकांनी नळकांडे उघडले. पांढऱ्या फेसाखाली ती रेघ विझली.

"बरी आहेस ना?" गुरुजींनी विचारले.

"बरी आहे. घामाघूम झालात की! बसा आधी."

गुरुजी त्या गुंडाळीवरच, बायकोशेजारी बसले. तोच सासूबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून मोठ्याने वाचला: "मान्यवर, आपला या दालनात बराच वेळ वास आहे."

"होता," मालकीणबाई म्हणाल्या. "सापडला." आणि ज्यांना कोणी कधी हसताना पाहिले नव्हते त्या मालकीणबाई दाराच्या चौकटीला धरून हसू लागल्या.

हसणे ओसरल्यावर त्यांनी विचारले, "पण तुम्हाला कळलं कसं?"

"अहो, हा निरोप आला, मी आधी स्वतःलाच हुंगलं. मग म्हटलं मी तर आंघोळ करून आलेय, म्हणून पडदे हुंगले. एरवी दुकानात येऊन पडदे कोण हुंगतंय?"

मालकीणबाईंनी भोवतीच्या कापडाच्या राशींवरून एकवार दृष्टी फिरविली. जे घडले नाही ते त्यांना स्पष्ट दिसले असावे. त्या सुनेकडे वळल्या. "डबे राहू देत. वरच्या मजल्यांवरही लावा. आणि ही खोली नकाशात घ्या." मग म्हणाल्या, "तेवढे शब्द मात्र बदला."

गुरुजींनी मान खाली घातली. "मी यापुढे या क्षेत्रात..."

"तुम्हाला नाही विचारत. यांना विचारतेय. आई, तुम्ही सांगा, काय लिहावं?"

"त्यात काय लिहायचंय?" सासूबाई उठता उठता म्हणाल्या. "आपल्याकडे कुणी आलं तर काय म्हणतो? 'बसा हो निवांत.' झालं."

गुरुजींनी ते तीन शब्द मनात घोळविले. त्यांत दुरुस्त करण्याजोगे काहीच सापडेना. "निवांत..." ते हळूच म्हणाले, "मूळ शब्द निवात. जेथे वारा नाही..."

"पुन्हा सुरू?"

"नाही, नाही."

संध्याकाळपूर्वी नवा निरोप यंत्रात गेला. पादत्राणांच्या दालनातील ते गृहस्थ अंगाला चार प्रकारची अत्तरे लावून परत आले, फोन वाजताच दचकले, वाचले, आणि खुर्चीवर टेकून त्यांनी पुन्हा बूट काढले. घरी निघताना दुकानाच्या दारात सून थबकली. तिने खोल श्वास घेतला.

"बाबा, नाक उघडलं! केवढा सुवास येतोय सगळीकडे!"

गुरुजींनी या खेपेस त्या शब्दाची फोड केली नाही. त्यांनी फक्त तिच्या मस्तकावर हात ठेवला.

त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी स्वतःला चोरून हुंगले, त्या सर्वांची मने हलकी राहोत. आणि जेथे एकाची चूक दुसरा कोणी न सांगता आपल्या माथी घेतो, तशा प्रत्येक घरात सुखाचा चिरकाल वास असो.