विजेच्या पेटीस शाल पांघरिली त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी माथा, श्रोत्यांस आरोग्य, आणि लिहिणाराची चूक दिसल्यास हसून सोडावी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी एका दौलतीत वर्तमान जाहले ऐसे जे, तेथील धनीण आवडाबाईसाहेब, त्यांचे धाकटे बंधू पलीकडील गडावर राहात, त्यांस बहुत नवसांनी कन्या जाहली आणि सायंकाळी बारसे नेमिले. आत्याने कानात नाव सांगितल्याखेरीज बारसे होत नाही, आणि आत्या तों या एकच. मग बाईसाहेबांनी नवा विजेचा रथ भरावयाची आज्ञा केली. कारभारी गिरमाजीपंत मोठे हौशी. रथ देवडीसमोर शोभतो म्हणोन तेथेच उभा केला, आणि रथासोबत आलेल्या चार्जिंगच्या पेटीस दिवाणखान्यातून मांडववाल्याची बारीक वायर जोडिली, आणि उरली वायर सुबक वेटोळे घालून ठेविली. इतक्यावर राहिले नाहीत. नव्या पाहुण्यास शाल-श्रीफळ द्यावे हा दौलतीचा रिवाज, मग पेटीस जाड शाल पांघरिली आणि टाळ्या जाहल्या.

घटकाभराने पेटीचा हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला. पंत बोलिले, "बाईसाहेब, पेटीस थंडी वाजली असावी. दुसरी शाल आणवितो."

"थंडी कसली, पंत? जळका वास येतोय! आधी भिंतीवरचं बटण बंद करा, आणि वायरीला कुणी हात लावू नका!"

बटण बंद करून पाहिले तों वेटोळे तापून मऊ पडले होते. बाईसाहेबांचे डोळे भरून आले, की भाचीचे बारसे चुकते. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मुदपाकखान्यात जाड पिनांचं, अर्थिंगचं सॉकेट आहे. रथ मागच्या दारी घ्या."

"राजरथ खरकट्या भांड्यांपाशी? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, आत्या पोहोचली."

मग रथ मागील दारी गेला, आणि पेटी निवाली तेव्हा कोरड्या भिंतीस उघडी टांगिली, आणि तिचीच वायर थेट सॉकेटात घातली, मध्ये जोड नाही. हिरवा दिवा लागताच आचाऱ्यांनी झारे वाजविले आणि पंतही हसले. दिवेलागणीस बाईसाहेब गडावर पावल्या तों पाळणा अडूनच होता. कानात नाव सांगितले, विद्युल्लता. बाळ माघाचे गारव्याने कुडकुडत होते, मग बाईसाहेबांनी पेटीवरली तीच शाल, येताना सोबत आणिली होती ती, त्यास पांघरिली.

सारांश, पेटी उघडी राहिली, रथ मागील दारी राहिला, आणि थंडी ज्यास खरोखर वाजत होती त्यास शाल मिळाली. वर्तमान आनंदाचे, तैसेच लिहिले.