आधी वार्ड, मग कलम

आरोपी समोर आला की कुठलाही सरकारी वकील विचारतो, कलम कोणतं? आमचे विश्राम नाना विचारायचे, "कोणता वार्डना शे?"

मी त्यांच्याच कोर्टात स्टेनो. बावीस वर्षं लोक जे खोटं बोलतात ते मी शुद्ध मराठीत टाइप करत आलेय, त्यामुळे मला सहसा कशाचं काही वाटत नाही. पण नानांचं हे गणित कळायला मलाही वर्ष लागलं. नानांना नगराध्यक्ष व्हायचं होतं. आरोपी गावातला असला, त्यातून मोठ्या भावकीतला, की नानांचा आवाज लोण्यासारखा व्हायचा, फाइल सापडेनाशी व्हायची, आणि "दखूत ना" म्हणजे 'बघू ना' म्हणत ते पुढची तारीख मागायचे. परगावचा असला तर मात्र वाघ. एकदा सुरतेच्या ट्रकवाल्यानं स्टँडजवळ केळ्याची हातगाडी उलटी केली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नाना त्याच्यावर पाऊण तास असे बरसले, की तो बिचारा हात जोडून म्हणाला, साहेब, फाशी द्यायची तर द्या, पण आता बसा.

आमच्या कोर्टाच्या खिडकीतून मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या दिसतात. हंगामात नजर जाईल तिथवर जमीन लाल असते, वर धूसर ऊन. वारा फिरला की खकाणा आत येतो आणि जजसाहेबांपासून आरोपीपर्यंत सगळे सारखेच शिंकतात. नाना त्या लाल रानाकडे बघत उभे राहायचे आणि हळूहळू निघून जायचे. अंगानं कोर्टात, मनानं नगरपालिकेत. एका दुपारी त्या तंद्रीतच त्यांनी युक्तिवाद सुरू केला, "बंधू आणि भगिनींनो." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मी ते टाइप केलं नाही, एवढी माया माझ्यातही आहे.

मधल्या सुट्टीत चहा घेताना ते पथाऱ्यांकडे बोट करून मला बेत सांगायचे. "ताई, तठे कारंजं करसूत. पथारीवरल्या बाया सांजले पाय बुडाईसन बसतीन." नळाला चार दिवसांआड पाणी येतं, कारंज्याला कुठून आणणार, असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं: "दखूत ना." वहिनी गेल्यापासून घरात ऐकणारं कुणी नव्हतं. मुलगा पुण्याला. म्हणून मी ऐकून घ्यायची.

पण जिजाबाईची केस आली आणि माझी ती मायाही आटली.

जिजाबाई प्रकाशा गावाकडची. इथल्या पथारीवर मिरचीचे देठ खुडायची, नवरा मिरची पालटायचा. पथारीच्या मालकाच्या मुलानं मागं न बघता पिकअप मागं घेतली, आणि नवरा तिच्या डोळ्यांदेखत गेला. बघणारी ती एकटीच. तिची साक्ष झाली तरच केस उभी राहणार होती. आणि पथारीचा मालक म्हणजे नानांची तीन वार्डांतली मतं.

तारखेला बाई सकाळच्या एसटीनं यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. आत नाना उठून म्हणायचे, "साक्षीदार गैरहजर." पुकारा करणारा शिपाईही नानांच्याच वार्डातला, त्याचा आवाज त्या दिवशी नेमका बसायचा. पाच तारखा अशा गेल्या. पाचही वेळा ते दोन शब्द मी टाइप केले, आणि पाचही वेळा दारातून मला तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. नानांचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग मला माझ्या बोटांचा आला. संध्याकाळी नाना तिला सांगायचे, "आज नंबर नही लागना, माय. दखूत ना." ती मान हलवून एसटीकडे चालू लागायची.

सहाव्या तारखेला साहेब रजेवर होते. तारखा देऊन दुपारीच सगळे पांगले. मी डबा विसरले म्हणून परत आले, तर आतून आवाज येत होता.

रिकाम्या खुर्चीसमोर नाना एकटे उभे होते आणि जिजाबाईची केस लढत होते. पिकअप कुठून कुठे आली, आरसा कोणत्या बाजूचा नव्हता, मिरची कुठवर पांगली, सगळं तोंडपाठ. हा फाइल न सापडणारा माणूस. तेही कोर्टाच्या मराठीत नाही, घरच्या अहिराणीत. "हाई बाईना डोयासमोर तिना धनी गया, साहेब. ती खोटं कसाले सांगी?" खिडकीतून लाल धूळ आत येत होती आणि नाना तिच्यात झोपेत चालणाऱ्या माणसासारखे हात हलवत होते. मला हसू यायला हवं होतं, पण मी दारातच थांबले. सोडून दिलेली प्रत्येक केस ते असंच मागाहून लढतात, हे शिपायानं मला नंतर सांगितलं.

मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. जिजाबाई. साहेब रजेवर आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा करत नानांसमोर आली आणि तिनं हात जोडले.

"बेस व्हयनं, भाऊ. मन्हा धनीनं समदं सांगं तुम्ही. आते मी येत नही. व्हई गया मन्हा न्याय."

नानांचा चेहरा उतरला. "माय, आज साहेब नही व्हतात. ती खुर्ची रिकामी शे."

"तुम्ही तं व्हतात ना," ती म्हणाली.

नानांनी चष्मा काढला आणि तो हातातच धरून उभे राहिले. मग दाराकडे वळून त्यांनी मला विचारलं, "ताई, हिनी पुढली तारीख कवय शे?"

मी सांगितली. आणि राहवेना म्हणून हेही सांगितलं, की नाना, त्याच दिवशी नाशिकला पक्षाच्या तिकिटाच्या मुलाखती आहेत, तुमचा गैरहजेरीचा अर्ज सकाळपासून माझ्याकडे पडलाय.

"द्या तो अर्ज." त्यांनी तो न वाचता चार घड्या करून खिशात घातला. जिजाबाई दारात चपला शोधत होती. नाना तिच्यामागे गेले.

"माय, तू येशी ना?"

"कसाले, भाऊ? व्हयनं ना."

"नही व्हयनं," नाना म्हणाले. "अजून काहीच नही व्हयनं. तू ये. मी बी येसू."