डावीकडचा उजेड

डॉक्टर सबनीस आमच्या स्वोर्ड्सच्या घरी आले की आधी खुर्च्या हलवतात. विचारण्याची भानगड नाही. "उजेड कुठाय?" असं खेकसायचं आणि भाजी चिरत बसलेल्या माझ्या बायकोला, सुनीताला, खुर्चीसकट खिडकीपाशी न्यायचं. आयर्लंडात आधीच उजेडाची मारामार, आणि यांना तो डावीकडूनच हवा.

या उपद्व्यापाचं मूळ म्हणजे एक डच चित्रकार. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्याने जन्मभर स्वयंपाकघरं आणि डावीकडच्या खिडकीच्या उजेडात कामात बुडालेल्या बायका रंगवल्या. आयरिश लोक कुणाही गृहस्थाला 'युअर मॅन' म्हणतात. सबनीसांचा युअर मॅन हा एकच. मंदीने आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, तेव्हाही टॅलाच्या हॉस्पिटलातला हा भूलतज्ज्ञ आम्हाला युअर मॅनचा पिवळा रंग समजावत होता. सफरचंद सोलणाऱ्या त्याच्या बाईला कुठल्याशा जाड पुस्तकात मोहाचं प्रतीक म्हटलंय, यावर ते आठवडाभर धुमसत होते. "बाई फळ सोलतेय. घरच्यांना द्यायला. प्रतीक कसलं डोंबलाचं?"

२००९च्या दिवाळीत मात्र कहर झाला. सुनीता करंज्या भरत होती. मी कॅमेरा काढून तिला म्हटलं, इकडे बघ, जरा हस. तर चारचौघांत डॉक्टर माझ्यावरच ओरडले. "वहिनी, वर बघू नका. आणि तुम्हाला काही अक्कल?" माझं घर, माझी बायको, माझा कॅमेरा, आणि अक्कल यांनी काढायची! रात्रभर चरफडलो आणि दुसऱ्या दिवशी खडसावायला थेट त्यांच्या घरी गेलो.

हॉलमध्ये युअर मॅनची ती सफरचंदवाली टांगलेली. बाकी भिंत मोकळी. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. रागाच्या भरात मी बोलून गेलो की परकी बाई भिंतीवर लावता, वहिनींचा साधा फोटोसुद्धा नाही.

"फोटो पुष्कळ आहेत," डॉक्टर म्हणाले. "सगळे लग्नाकार्यातले. शालू नेसून हसणारी. एरवी ती तशी कधी नसायची. अशी असायची." त्यांनी चित्रातल्या बाईच्या खाली घातलेल्या मानेकडे बोट दाखवलं. "पुण्याच्या घरी रोज खिडकीत बसून मला फळं कापून द्यायची. मी समोर पेपर वाचत असायचो."

घरी आलो तर सुनीता खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. चाहूल लागून ती मान वर करणार, तोच मी म्हणालो, "वर बघू नकोस."