गॅरंटी साडीतच आहे

माझ्या हातून आजवर जे काही बिघडलं, ते सावधगिरीमुळे. निष्काळजी माणसाचं कधी एवढं नुकसान होत नाही.

आमची कौशल्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणते. आंधळगावात कोसा विणणारी घरं पुष्कळ, पण तिच्या हातासारखी काठाची बारीक नक्षी फार थोड्यांची. मी विणकर सोसायटीत लिहिण्याचं काम करतो. म्हणजे घरात हात तिचा चालतो आणि तोंड माझं. तर मागच्या उन्हाळ्यात या बाईला थेट पेरू देशातल्या कुस्को शहरातून हातमागाच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. (फळावरचा विनोद आमच्या गावात प्रत्येकानं दोनदा करून झाला आहे, तुम्ही राहू द्या.) तिकीट एकाच माणसाचं होतं. सोबत सरकारी खात्याचे एक साहेब जाणार होते.

मी जाणार नव्हतो, म्हणून साहजिकच सगळी तयारी मी अंगावर घेतली. रोज मोबाइल उघडून पेरूला जाणाऱ्यांसाठीच्या सूचना वाचायच्या आणि वहीत उतरवायच्या. नळाचं पाणी पिऊ नये. टॅक्सीत बसण्याआधी भाव ठरवावा. सुट्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात. कुस्को फार उंचावर असल्यानं पहिले दोन दिवस हळू चालावं, दम लागला तर कोका पानाचा चहा घ्यावा. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे थंडी, म्हणून कपडे एकावर एक घालावेत. ही शेवटची सूचना मी तिच्याकडून मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत, दोन स्वेटर घालून अंगणात करून घेतली.

"अजी, पेरूत मरन का नाही ते माहीत नाही," ती घाम पुसत म्हणाली, "पण आंधळगावात नक्की मरतो मी."

सूचना क्रमांक सात अशी होती: पासपोर्ट चोराला सुचणार नाही अशा जागी ठेवावा. आता आमच्या घरात चोर येईल कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण व्हिसाचा शिक्का लागून पासपोर्ट आला आणि मला उंदरांपासून मेहुण्यांपर्यंत सगळे चोर दिसू लागले. कोशाच्या साडीची घडी मोडू नये म्हणून आम्ही आत कागद घालतो. मी कपाटातली एक मोतिया रंगाची साडी काढली, आतला कागद काढला आणि तिथे पासपोर्ट सरकवला. अहाहा! स्वतःच्याच पाठीवर थाप मारावी तर हात पोचत नव्हता.

सोमवारी लाखांदूरचे गोमाजी आले. गुरुवारी त्यांच्या मुलाचं लग्न, नवरीसाठी साडी हवी होती. कौशल्या दळण आणायला गेली होती, म्हणून विक्री मी केली. साड्या दाखवता दाखवता त्यांना पेरूच्या बावीस सूचना ऐकवल्या. ते बिचारे धानाचे शेतकरी, ते कुठे कुस्कोला चालले होते? पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोतिया साडी उचलली.

"असली कोसा हाये ना जी? गॅरंटी काय?"

"गॅरंटी साडीतच आहे! घरी जाऊन उघडून पाहा!" मी मोठ्या ऐटीत बोललो आणि साडी स्वतःच्या हातानं पिशवीत घातली.

गुरुवारी सकाळी कौशल्यानं बॅग भरताना पासपोर्ट मागितला. शनिवारी नागपूरहून विमान होतं. मी हसत कपाट उघडलं, आणि मग उघडंच ठेवून खाली बसलो.

तिला सगळं सांगावं लागलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बावीस वर्षं ती विणत आली, साड्या कुठे कुठे गेल्या, पण त्या कोणी विणल्या हे कधी कोणी विचारलं नाही. पहिल्यांदा कोणी नाव घेऊन बोलावलं होतं, आणि तेही मी घडी करून लाखांदूरला पाठवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"लाखांदूरले जा," ती एवढंच म्हणाली. "भेटला त घेऊन या. नाही भेटला त तिथंच राहा."

एसटीनं भंडारा, तिथून दुसऱ्या एसटीनं लाखांदूर. मांडवात पोचलो तोवर लग्न लागून गेलं होतं. कोणीतरी मला नवरीकडचा समजून हातात सरबत दिलं. (ते मी प्यालो. संकटात घसा कोरडा पडतो.) पाहतो तर बायकांच्या घोळक्यात गोमाजींची आई, कुंताबाई, पासपोर्ट उंच धरून उभी!

"पाहा व बायांनो! विणणारीचा फोटो, वरतं सिंहाचा छापा, अंदर फारेनचा शिक्का! अशी गॅरंटी कोनाच्या साडीले भेटली का आजवर?"

मी पुढे झालो. "आजी, ते गॅरंटी कार्ड नाही, पासपोर्ट आहे. आमच्या घरचीचा."

"मंग साडीत काहून होता?"

"चुकून," मी म्हणालो.

"तुमीच त गोमाजीले म्हनलं, गॅरंटी साडीत हाये म्हणून! आता वापस मांगता? उद्या साडी नकली निघाली त मी कोनाचं तोंड पाहू?"

"माझं पाहा!" मी खिशातून मतदान कार्ड काढलं. "हे ठेवा. यावरही फोटो आहे, सरकारी आहे."

कुंताबाईनं कार्ड उलटसुलट केलं. "लहान हाये. अन् सिंहही बरोबर दिसत नाही."

शेवटी नवरीच मधे पडली. स्वाती तिचं नाव. मोतिया साडी तिच्या अंगावरच होती. तिनं पासपोर्ट हातात घेतला, फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आजी, देऊन टाका ना. काकाजी, काकूले सांगजा, साडी लय सुंदर बसली."

पासपोर्ट मिळाला; माझं कार्ड मात्र कुंताबाईनं गॅरंटी म्हणून ठेवून घेतलं. परतीच्या एसटीत मी पासपोर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो. कंडक्टरला तिकिटाचे पैसेही शेजाऱ्याकडून काढवून घेतले.

घरी सगळा प्रकार ऐकून कौशल्या आधी पोटभर हसली, मग तिनं विचारलं, "म्हणजे फोटो पाहून साडीची इज्जत वाढली?" दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मोहाडीच्या फोटो स्टुडिओतून मंगेशला घरी बोलावलं, मागावर बसलेला स्वतःचा फोटो काढवून त्याच्या तीस प्रती केल्या आणि सोबत नेत असलेल्या तीसही दुपट्ट्यांना कोशाच्या धाग्यानं एकेक बांधली. माझ्या वहीत ही सूचना नव्हती.

कुस्कोहून तिसऱ्या दिवशी फोन आला. मी आधी विचारलं, "दम लागला का?"

"बावीस वर्ष मागावर पाय मारले जी, मले कायचा दम! साहेब मात्र कालपासून झोपून हायेत, त्यायले मीच चहा देऊन राहिलो. अन् आयका, तीसही दुपट्टे गेले! लोक पयले फोटो पाहतात, मंग मले पाहतात, अन् मंग बाजूच्याले बोलावून आणतात!"

मी अंगणात एकटाच नाचलो. एकटाच म्हणजे, शेजारचे सगळे पाहत होते.

ती परत आली तेव्हा गावानं बँड लावला. सोसायटीत सत्कार झाला. आता आंधळगावातल्या प्रत्येक साडीला विणणाऱ्या बाईचा फोटो लावायचा, असा ठराव तिथेच झाला. ही कल्पना मुळात कोणामुळे सुचली, हे सांगायला मी माइककडे निघालो, तेवढ्यात गर्दीतून गोमाजी वर आले. त्यांच्या हातात माझं मतदान कार्ड होतं.

"आईनं पाठवलं जी," ते माइकवरच बोलले. "म्हणते, साडी एकदम असली हाये, काही तक्रार नाही. पण जो कोनी साडीसंगं हा फोटो पाहते, तो साडी एक डाव परत तपासते."

त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त टाळ्या या निरोपाला पडल्या, आणि पहिली टाळी कौशल्याची होती.